आमची वाटचाल : सीताबर्डी ते अंदमान

२००९ साली नागपुरात सीताबर्डीच्या एका जिन्याखालच्या खोलीत आम्ही एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक फोन घेऊन बसलो. काढायच्या त्या फक्त अंदमानच्या सहली, हे पहिल्या दिवसापासून ठरलं होतं. पहिली सात वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पोर्ट ब्लेअरला गाड्या पुरवणारे दादा तेव्हापासून सोबत आहेत. आज त्या गावाचं नाव श्री विजयपुरम झालं, तरी आमच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच येतं.

डिसेंबर २०१६ चं मात्र सविस्तर सांगावंच लागेल.

चौतीस जणांचा ग्रुप हॅवलॉक बेटावर होता, म्हणजे आजच्या स्वराज द्वीपला. शेवटची रात्र तिथेच, सकाळच्या बोटीनं पोर्ट ब्लेअर आणि दुपारच्या विमानानं कोलकाता, असा आमचा आराखडा. चूक आमची होती आणि ती आम्ही आजही प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. समुद्र बिघडला, बोटी बंद झाल्या. पण पोर्ट ब्लेअरहून विमान मात्र ठरल्या वेळी उडालं. विमान रद्द झालं असतं तर पैसे परत मिळाले असते. ते उडालं आणि आपली माणसं पोचली नाहीत, म्हणून चौतीस तिकिटं नो-शो. कोलकाता-नागपूरचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर, म्हणून तेही गेलं. त्यात नोटाबंदीला जेमतेम महिना झालेला. बेटावरच्या एटीएममध्ये पैसे नव्हते आणि हॉटेलला वाढीव रात्रींचे रोख हवे होते. दादांनी फोनवर शब्द दिला म्हणून खोल्या राहिल्या. नौदलाची जहाजं आली, पण लाटांमुळे ती लगेच जेट्टीला लागू शकली नाहीत. ९ तारखेला आमची माणसं बाहेर निघाली. तेच वादळ पुढे ‘वरदा’ म्हणून १२ डिसेंबरला चेन्नईवर धडकलं.

नवी तिकिटं आम्ही आमच्या खिशातून काढली. जानेवारीत खोलीचं भाडं थकलं, मार्चमध्ये टेबल विकायची वेळ आली होती. धंतोलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक त्या चौतिसांत होते. ते जिना उतरून आले आणि पुढच्या वर्षीच्या चार जागांचे पैसे टेबलावर ठेवले. “काऊन जी, समुद्र काय पळून चालला का? या वेळी एक दिवस जास्तीचा ठेवा फक्त,” एवढंच म्हणाले. सर त्यानंतर तीनदा आमच्यासोबत आले. टेबल अजून तेच आहे.

तेव्हापासून आमची शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच असते, मग ग्राहक कितीही ओरडो. याला दुसरंही कारण आहे. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात उतरणं, केल्यावर किमान अठरा तास विमानात बसू नये. पाण्याच्या दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. तो आत असताना विमानातल्या कमी दाबात गेलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे धरतात, कधी त्याहून वाईटही होतं. म्हणून स्कूबा हॅवलॉकला, मग नील बेट, मग पोर्ट ब्लेअरची रात्र, असा क्रम.

आमच्याकडे तीन वर्षं काम शिकलेल्या एका मुलानं २०१८ मध्ये धरमपेठेत स्वतःची कचेरी उघडली. त्यानं आमचाच कार्यक्रम छापला. आमच्या कागदावर ‘लक्ष्मणपूर’ऐवजी ‘लक्षमणपूर’ असं चुकून पडलं होतं, तेही जसंच्या तसं. दर मात्र माणशी साडेचार हजारांनी कमी, कारण शेवटची रात्र कापली होती. आमचे निम्मे ग्राहक तिकडे गेले. याचा राग आजही आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. ठिकाणांची यादी कोणीही उतरवून घेईल. त्या यादीमागचा रकाना त्यानं उतरवला नाही, कारण तो त्याला वाचता येत नव्हता.

तो रकाना भरती-ओहोटीचा. आमच्या भिंतीवर पोर्ट ब्लेअर बंदराचा भरतीचा तक्ता असतो आणि शेजारी तिथीची दिनदर्शिका. नील बेटावर, म्हणजे शहीद द्वीपवर, लक्ष्मणपूर २ च्या किनाऱ्याला दगडाची नैसर्गिक कमान आहे. तिच्यापर्यंत फक्त ओहोटीत चालत जाता येतं, तेही मेलेल्या प्रवाळाच्या निसरड्या खडकांवरून. साधी चप्पल घालून गेलात तर पाय कापतो. मागे पट्टा असलेली, तळाला पकड असलेली सँडल हवी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत खाली जातं, अष्टमीच्या सुमारास ओहोटी उथळ राहते. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून नीलला कोणत्या दिवशी पोचायचं, हे आम्ही तक्ता बघून ठरवतो. कोकणात तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब तिकडे लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ निराळी.

दुसरा रकाना उजेडाचा. नागपूर आणि पोर्ट ब्लेअर यांच्या रेखांशांत साडेतेरा अंशांचा फरक आहे. घड्याळ एकच, पण तिथली माध्यान्ह चोपन्न मिनिटं आधी होते. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर साडेतीनला पोचायचं असेल तर जेवण साडेबाराला उरकावं लागतं, आणि नागपूरकरांना हे पटवणं सर्वांत अवघड काम आहे. तिथे पोहायचं ते दोरीच्या आतच. खाऱ्या पाण्यातल्या मगरी त्या बेटांवर आहेत, ही भीती घालायची गोष्ट नव्हे.

हॅवलॉकच्याच एलिफंट बीचला स्नॉर्केलिंगचा, म्हणजे तोंड पाण्यात घालून तरंगत प्रवाळ बघण्याचा, मास्क गळतो तो बहुतेक वेळा मिशीमुळे. रबराची कड ओठावर बसत नाही आणि नाकात पाणी येतं, मग माणूस घाबरतो. मिशीवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा आणि पट्टा कानाच्या वरून घ्या. पट्टा करकचून आवळू नका, त्यानं कड उलट दुमडते. प्रवाळावर उभं राहू नका. शिंपले आणि प्रवाळ बॅगेत घालून आणू नका, विमानतळावर काढून घेतात.

बाराटांग बेटावर जायचं तर पोर्ट ब्लेअरहून पहाटे साडेतीनला गाडी निघते, कारण जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्यांचा ताफा ठरल्या वेळीच सुटतो. पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल. तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खाऊ द्यायचा नाही. हा कायदा आहे आणि तो पाळणार नसाल तर आमच्याकडे येऊ नका. मिडल स्ट्रेटच्या खाडीला फेरी, मग खारफुटीतून बोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत चालणं. गुडघे दुखणाऱ्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो आणि त्या दिवशी सेल्युलर जेल निवांत दाखवतो. जेलच्या सात विंगांपैकी तीन उरल्या आहेत; सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर टोकाला, जिने उभे. बरेच जण खालूनच हात जोडतात. हळूहळू चढा, पण चढा.

न विचारता एक सांगतो. दिवाळीच्या सुटीत अंदमानला जाऊ नका. ऑक्टोबर ते डिसेंबर मध्यापर्यंत बंगालच्या उपसागरात वादळं उठतात. मुलांच्या शाळेपेक्षा समुद्राचं वेळापत्रक बघा. जानेवारी ते एप्रिल उत्तम. नागपूर-कोलकाता आणि कोलकाता-पोर्ट ब्लेअर एकाच पीएनआरवर घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

आमचा पुढचा ग्रुप पौष अमावास्येच्या जवळ निघतो. नीलची ओहोटी तक्त्यात लाल पेनानं खुणावली आहे, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला आहे, आणि सरांच्या चार जागा लावून ठेवल्या आहेत.