धुतलेले मीठ

२०२०च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक बागायतदार द्राक्षांचे क्रेट घेऊन उभा होता. व्यापारी फिरकेनात, म्हणून माल विकायला तो स्वतःच शहरात आला होता. त्याला आत घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवलेले होते. फाटकाजवळच्या टेबलावर पैसे ठेवून मी घड उचलले, घरी मिठाच्या पाण्यात बुडवले आणि मण्यांवरचा पांढुरका थर उतरेपर्यंत चोळत राहिलो. तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांची आठवण झाली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. आजोबांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, हे त्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या आरंभीच सांगतात. घरात येणारी वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुतल्याशिवाय चालत नसे. वाचताना आधी हसू येते आणि धुणारे हात घरातल्या बायकांचे होते, हे ध्यानात आल्यावर ते विरते. सत्ता माणसांचे जगणे आणि शरीरे आपल्या कारभाराचा विषय कशी करते, याला फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी जैवराजकारण म्हटले. त्या सत्तेचा धाक स्वयंपाकघरापर्यंत कसा झिरपतो, हे मला या मिठाने शिकवले.

इटालियन तत्त्वज्ञ रोबेर्तो एस्पोझितो इंग्रजी ‘इम्युनिटी’ ज्यावरून आला त्या ‘इम्युनितास’ या लॅटिन शब्दाच्या मुळाशी जातात. ‘मुनुस’ म्हणजे आपण एकमेकांचे लागतो ते देणे आणि ‘इम्युनितास’ म्हणजे त्या देण्यातून मिळालेली सूट. आपल्या ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दात लढाई ऐकू येते, सूट ऐकू येत नाही. ‘सोवळे’ या शब्दात मात्र सूट आणि कुंपण दोन्ही आहेत, आणि त्या कुंपणाबाहेर कोणाला उभे केले जात होते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

मुंबईच्या १८९६-९७च्या प्लेगमधली सरकारी छायाचित्रे मी पुष्कळ वेळा पाहिली आहेत. पंपाने धुतली जाणारी घरे आणि त्यांच्यासमोर उभी केलेली माणसे त्यांत दिसतात. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तेव्हा ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरे रंगवत. ही चित्रे मोलाची आहेत, पण त्यांतला कॅमेरा बहुतेकदा उंबऱ्याबाहेरच थांबतो. आतल्या बाईने काय उचलले, काय मागे टाकले, हे कळायला लक्ष्मीबाईंसारखे गद्यच लागते. १८९७चा साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा लागू झाला आणि विलगीकरणातल्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्के उमटले. भिंतीवरची खूण कातडीवर आली.

त्या दिवसांचे नाशिक कोणी रंगवणार असेल, तर त्याने फाटकाजवळचे ते टेबल रंगवावे, असे मला मनापासून वाटते. बागायतदाराने प्यायला पाणी मागितले होते. वॉचमनने बाटली टेबलावर ठेवली आणि तो ती घ्यायला पुढे झाला, तेव्हा आम्ही सगळेच दोन पावले मागे सरलो.