पंखा लावला की वाजतो

जुन्या सीडी प्लेअरच्या दुरुस्तीत सगळ्यात सोपं निदान म्हणजे 'लेन्स गेलीय', म्हणजे डिस्क वाचणारं लेसर आणि त्याची लेन्स बाद. डिस्क फिरत नाही? लेन्स. गाणं अडखळतंय? लेन्स. ड्रॉवर अडकून बसला होता, तरी एकाला लेन्सचाच खर्च सांगितल्याचं मी ऐकलंय. माझ्या टेबलावर जे जुने प्लेअर येतात, त्यांतल्या बहुतेकांचं लेसर ठणठणीत असतं. बिघाड असतो वाळून चिकट झालेल्या ग्रीसमध्ये, सैल पडलेल्या बेल्टमध्ये, सुकलेल्या कंडेन्सरमध्ये, नाहीतर ड्राय सोल्डरमध्ये, म्हणजे नीट न धरलेल्या किंवा सुटलेल्या जोडात. पण ते शोधायला वेळ जातो आणि वेळेचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. 'पार्ट बदलला' म्हटलं की मुकाट देतं. त्यामुळे पार्ट बदलले जातात.

मी पुण्यात हे काम करतो. धंदा म्हणावा तर यावर घर चालत नाही, त्यासाठी अँप्लिफायर आणि इन्व्हर्टर आहेत. छंद म्हणावा तर घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून, गल्फमधून परतलेल्यांच्या माळ्यांवरून उतरवलेले सोनी, टेक्निक्स, मरांट्झ, फिलिप्स भिंतीला लावून रचलेत. बायको त्यांना 'पाहुणे' म्हणते, आणि त्या शब्दात कौतुक नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी एक काका रिक्षातून उतरले. सत्तरी ओलांडलेले, पांढरा शर्ट, काखेत सोलापुरी चादरीचं गाठोडं. मूळचे चिपळूणचे, मस्कतला ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी झालेली, आता कोथरूडला लेकीकडे असतात. चादर सोडली तर आत फिलिप्स सीडी १०४, मागच्या पट्टीवर 'मेड इन बेल्जियम'. १९८४ च्या सुमाराचं मॉडेल. इतक्या चांगल्या अवस्थेतलं मी फार क्वचित पाहिलंय. पुढच्या पट्टीवर एक ओरखडा नव्हता.

"काय होतंय काका?"

"पंखा लावला की वाजतो."

"आणि नाही लावला तर?"

"अर्ध्या तासात बोबडी वळते. आधी एखादा सूर गिळतो, मग ओळच्या ओळ, मग डिस्कच थांबते. टेबलफॅन त्याच्याकडे वळवला की थोड्या वेळाने परत सुरळीत. मुलगी म्हणते, बाबा, तो फॅन तुमच्यासाठी आणलाय."

याआधी ते दोन ठिकाणी जाऊन आले होते. पंख्याचं ऐकून दोन्हीकडे हसले. एकाने लेन्स गेली, मिळत नाही, टाकून द्या म्हणून सांगितलं. दुसऱ्याने तीन आठवडे ठेवून घेतला, 'सेटिंग केलंय' म्हणून पैसे घेतले, आणि दहा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

मला हसू आलं नाही. तापल्यावर बंद पडतं आणि गार केल्यावर चालतं, हे गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने सांगत असेल तर अर्धं काम त्यानेच करून आणलेलं असतं. लेसर म्हातारं झालं की असं वागत नाही. ते हळूहळू ढासळतं. आधी ओरखडे असलेल्या डिस्क नाकारतं, मग घरी कॉपी केलेल्या, मग सगळ्याच. पंख्याने त्याला तरतरी येत नाही.

काकांना म्हटलं, संध्याकाळी फोन करतो. ते म्हणाले, "मी इथेच बसतो. मागच्या वेळी तीन आठवडे सोडून गेलो होतो." स्टूल पुढे केलं.

झाकण उघडल्यावर पहिल्यांदा दिसतं ते सीडीएम-१, फिलिप्सचं त्या काळातलं मेकॅनिझम. हे बघायला मिळावं म्हणून मी फुकटही प्लेअर उघडतो. पुढे आलेल्या बहुतेक मेकॅनिझममध्ये लेसरचा गाडा दोन दांड्यांवरून दातेरी चाकांनी सरकत जातो. इथे तसं काही नाही. ओतीव धातूची चौकट, आणि डिस्कखाली लंबकासारखा डुलणारा एक हात, त्याच्या टोकाला काचेची लेन्स. दाते नाहीत, बेल्ट नाही, झिजायला फारसं काही नाहीच. चाळीस वर्षांनंतरही तो हात फुंकरीने हलतो. नंतरच्या सीडीएम मालिकेत प्लॅस्टिक शिरलं, ते स्वस्त पडलं, आणि ते का स्वस्त होतं हेही पुढे कळलं.

लेसरजवळच्या प्रीसेटवर, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या बटणावर, कारखान्यात लाखेसारखा रंगाचा ठिपका लावलेला असतो. तो फुटलेला होता. म्हणजे 'सेटिंग' ते हेच. प्रीसेट फिरवून लेसरची ताकद वाढवायची. कुरकुरणारा प्लेअर चार दिवस खूश होतो, आणि ती वाढीव ताकद सोसून लेसरचा डायोड मरतो. नंतर खरोखरच 'लेन्स जाते'. नशीब, इथे फार फिरवला नव्हता. सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर परत आणला आणि नवीन रंगाचा ठिपका दिला.

मग लेन्स पुसली, आयसोप्रॉपिल लावलेल्या कापसाच्या काडीने, अलगद. पुण्याच्या धुळीचा एक करडा थर निघाला. डिस्क घातली, लागली. स्कोप म्हणजे सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र, त्याचा प्रोब आरएफच्या, म्हणजे लेसरकडून येणाऱ्या कच्च्या सिग्नलच्या, टेस्ट पॉइंटवर लावला आणि काकांना जवळ बोलावलं, कारण हे चित्र कुणालाही दाखवावंसं वाटतं. सीडीवरचे खड्डे आणि मधल्या मोकळ्या जागा ठरावीक नऊच लांबींच्या असतात, सगळ्यात छोटी साधारण ०.८ मायक्रॉनची आणि मोठी ३ च्या आसपास. त्यांचे सिग्नल स्कोपवर एकावर एक पडले की मधे शंकरपाळ्यांसारख्या मोकळ्या खिडक्यांची रांग दिसते. खिडक्या स्वच्छ म्हणजे लेसर, फोकस, ट्रॅकिंग सगळं जागेवर. काकांच्या प्लेअरच्या खिडक्या इतक्या नीट होत्या की मॅन्युअलमध्ये छापाव्यात.

"म्हणजे लेन्स चांगली आहे?"

"उत्तम आहे."

"मग मी पैसे कशाचे दिले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा मागवला.

आता त्याला आजारी पाडायचं होतं. झाकण परत लावलं, दुकानातला पंखा बंद केला. मे महिन्याची दुपार, वर पत्रा. प्लेअरच्या आधी आम्ही दोघंच उकडून निघालो. काकांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि मस्कतमधल्या रुवीच्या दुकानातून १९८५ साली दीड महिन्याचा पगार घालून हे कसं घेतलं ते सांगायला लागले. खोलीतल्या चौघांनी वर्गणी काढून पहिली डिस्क आणली होती. त्यांच्या सोसायटीतल्या कुणी हल्लीच त्यांना सांगितलं होतं की हा चौदा बिटचा प्लेअर, म्हणजे अर्धवट, सीडी तर सोळा बिटची असते (बिट जास्त तितकं आवाजाचं मोजमाप बारीक).

यावर मात्र माझी गाडी सुटते. सीडी सोळा बिटची ठरली तेव्हा फिलिप्सकडे तयार होता तो चौदा बिटचा डीएसी, म्हणजे डिस्कवरच्या आकड्यांचा परत आवाजाचा सिग्नल करणारी चिप, टीडीए १५४०. त्यांनी आधी डिजिटल फिल्टर लावून ४४.१ किलोहर्ट्झचे नमुने चौपट, म्हणजे १७६.४ किलोहर्ट्झला केले आणि राहिलेली चूक ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात ढकलून दिली. शिवाय डाव्या-उजव्या चॅनेलला वेगळा डीएसी. १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ आला, १,६८,००० येनांचा. तो खरोखर सोळा बिटचा होता, पण त्यात एकच डीएसी दोन्ही चॅनेलला आळीपाळीने वापरला होता. म्हणजे दोघांनी आपापली अडचण आपापल्या पद्धतीने सोडवली. चौदा बिट ऐकून नाक मुरडणारे बरेचदा पुढच्या टीडीए १५४१ए या डीएसीवर निवडक चिपचं मुकुटाचं चिन्ह शोधत फिरतात, त्यासाठी वाटेल ते पैसे मोजतात, आणि घासून नवीन छापलेला आयसी घेऊन येतात. त्याच प्लेअरमधले कंडेन्सर सुकून खडखडीत झालेले असतात, तिकडे कुणी बघत नाही.

माझं हे प्रवचन चालू असतानाच सूर तुटला. एकदा, परत एकदा. मी स्कोपकडे धावलो. खिडक्या धूसर होत नव्हत्या, एका क्षणी पूर्ण गायब होऊन पुढच्या क्षणी जशाच्या तशा परत येत होत्या. मग डिस्क थांबली.

झाकण काढलं. फ्रीझ स्प्रेची बारीक नळी लावून बोर्डाच्या एकेका भागावर गार फवारा मारत गेलो. आयसींवर मारला, काही नाही. कंडेन्सरवर, काही नाही. सप्लायच्या बाजूचा कोपरा, जिथे रेग्युलेटरची उष्णता साठते, तिथे मारला आणि प्ले दाबलं तर डिस्क फिरायला लागली. हेअर ड्रायरने तोच कोपरा तापवला, थांबली. मग विणकामाची प्लॅस्टिकची सुई घेतली (तपासणीला यापेक्षा चांगलं हत्यार मला अजून मिळालेलं नाही) आणि त्या कोपऱ्यात एकेक ठिकाणी हलकेच दाबत गेलो. एका ठिकाणी दाबलं की गाणं, सोडलं की शांतता.

काका स्टुलावरून उठून माझ्या खांद्यावरून बघत होते. "काय आहे तिथे?"

तिथे पार्ट नव्हताच. होती एक पोकळ, बारीक रिव्हेट. आजच्या दुहेरी बोर्डाच्या भोकांना आतून तांब्याचा मुलामा असतो, त्यामुळे वरची रेघ आणि खालची रेघ आपोआप जोडलेली राहते. या पिढीच्या फिलिप्समध्ये तसं नाही. वरची-खालची बाजू जोडायला भोकात छोट्या रिव्हेट ठोकून दोन्हीकडून सोल्डर केलंय. इंग्रजीत त्यांना ग्रिपलेट म्हणतात आणि हे मॉडेल पाळणाऱ्यांमध्ये त्या बदनाम आहेत. प्लेअर तापतो, गार होतो, बोर्ड आणि धातू वेगवेगळ्या मापाने फुगतात-आकसतात, आणि काही वर्षांनी सोल्डरला रिव्हेटभोवती केसासारखी गोल चीर जाते. गार असताना चीर मिटलेली. तापली की उघडते. भिंगाखाली ती करडी कडी इतकी स्पष्ट दिसली की काकांनी चष्मा काढून परत लावून बघितलं.

"म्हणजे माझा पंखा बरोबर होता."

"शंभर टक्के."

ते जे हसले ना, ते मागच्या दोन दुकानांचं व्याजासकट वसूल केल्यासारखे हसले.

सापडलेल्या एकाच जागी सोल्डरचा डाग मारून प्लेअर परत देता आला असता आणि तो उन्हाळा निघालाही असता. पण एका रिव्हेटला चीर गेली म्हणजे बाकीच्या रांगेत उभ्याच आहेत. सगळ्या करायच्या. नुसतं वरून नवीन सोल्डर ओतूनही भागत नाही, चीर तिथेच परत जाते. जुनं सोल्डर तांब्याच्या वातीने शोषून घ्यायचं, भोक मोकळं करायचं, रेझिस्टरच्या कापलेल्या पायाची बारीक तार आरपार घालायची, दोन्हीकडे वाकवायची आणि मग दोन्हीकडून डाग द्यायचा. कंटाळवाणं काम आहे. उष्णता जास्त झाली तर बोर्डावरची रेघ उचकटते, कमी झाली तर परत ड्राय सोल्डर. दिवे लागेपर्यंत मान वर केली नाही. मधे काकांनी खालून वडापाव आणले आणि माझा माझ्या शेजारी ठेवून, काही न बोलता, स्वतःचा खाल्ला. काम करणाऱ्याशी कधी बोलू नये हे कळणारं गिऱ्हाईक दुर्मिळ.

रात्री झाकण लावून, पंखा बंद ठेवून फिलिप्सची ५ए टेस्ट डिस्क घातली. तिच्यावर मुद्दाम केलेले दोष असतात: माहितीच्या थरातले खंड, काळे ठिपके, बोटाचा खोटा ठसा. सीडीची चूकदुरुस्ती पद्धत सलग अडीच मिलिमीटरपर्यंतची गळती पूर्ण भरून काढू शकते, पण त्यासाठी प्लेअरने त्या जागी रस्ता सोडता कामा नये. सीडी १०४ ने तो सोडला नाही. तासाभराने प्लेअरचा पत्रा बोटांना चांगला गरम लागत होता आणि स्कोपवरच्या खिडक्या जागच्या हलल्या नव्हत्या.

काकांनी पिशवीतून स्वतःची डिस्क काढली. पियानोचं वादन, १९९० च्या सुमाराचं, नोकरी सोडून मायदेशी निघालेल्या त्यांच्या इंग्रज साहेबाने दिलेलं. छान लागलं. शेवटून दुसऱ्या तुकड्यात मागून शेंगदाणे भाजल्यासारखा तडतड आवाज सुरू झाला आणि शेवटच्या तुकड्यात पियानो त्याच्याखाली बुडाला.

काकांचा चेहरा पडला. मी डिस्क काढून दिव्याखाली धरली. कडेची बोटभर पट्टी चहाच्या रंगाची झालेली, मधल्या कड्याशी 'मेड इन यू.के. बाय पीडीओ'. हा प्लेअरचा आजार नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या बऱ्याच डिस्क अशा तांबूस पडल्या. वरचं लॅकर, म्हणजे धातूवरचा संरक्षक लेप, सोबतच्या पुस्तिकेच्या कागदातलं गंधक अडवू शकलं नाही आणि धातूचा थर खराब होत गेला. कंपनीने पुढे तशा डिस्क बदलूनही दिल्या. खराबी कडेकडून आत सरकते आणि सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून पहिल्यांदा शेवटचे तुकडे जातात.

"आता?"

"आज जेवढं वाचतंय तेवढं काढून ठेवतो. पुढच्या वर्षी याहून कमी वाचेल."

संगणकाच्या ड्राइव्हने शेवटचा तुकडा सोडून बाकी सगळं उचललं, कुरकुरत का होईना. ते कोऱ्या सीडी-आरवर कमी वेगाने उतरवलं. एवढ्या जुन्या प्लेअरला सीडी-आर पचेलच याची खात्री नसते, कारण ती छापील डिस्कपेक्षा थोडा कमी प्रकाश परतवते. पण सीडीएम-१ ने ती पहिल्या झटक्यात घेतली. मूळ डिस्क त्या पुस्तिकेपासून वेगळी ठेवा, म्हणून काकांना बजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यादेखत ती डिस्क पुस्तिकेसकट जुन्याच डबीत बंद केली. साहेबाने दिलेली वस्तू आहे, म्हणाले.

पैशाच्या बाबतीत मी दिवसभराच्या मजुरीचा आकडा सांगितला. त्यांनी तो मोजून दिला आणि विचारलं, "पार्ट काय बदलला?"

"काही नाही. तारेचे तुकडे घातले."

"मग बिलावर तसंच लिहा. तारेचे तुकडे. मला ते त्या दोघांना नेऊन दाखवायचंय."

लिहून दिलं.