बांबूची कामटी आणि पाच गोटे

चित्रकलेच्या खोलीत कपाटामागे एक लांब कामटी उभी असायची. पाचवीत नव्यानं आलेल्या पोरांना ती छडी वाटायची. आम्हालाही वाटली होती. पण सरांनी तिनं कुणाला मारल्याचं मला आठवत नाही. मारायला त्यांच्याकडे खडू होता, आणि नेम चांगला होता. कामटी होती ती रेघ काढायला.

मी १९८७ च्या दहावीच्या तुकडीचा. हल्ली पुण्यात प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे डिझाइन करतो. म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवर वळणदार रेघा काढायच्या आणि काढून झाल्या की त्या दुरुस्त करत बसायचं. शाळेनं काय दिलं ते लिहा, असं स्मरणिका समितीनं कळवलं आहे. शिस्त आणि संस्कार यांवर इतरांनी लिहिलं असेलच. मी कामटीवर लिहितो.

त्याआधी मडकं. एलिमेंटरीच्या तयारीला सर टेबलावर मडकं, तांब्या आणि भरताची दोन वांगी मांडायचे. (तास संपला की वांगी कुठे जायची, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही.) मडक्याची कड काढताना मी भीतभीत, छोट्या छोट्या रेघा एकीला एक चिकटवत जायचो. लांबून पाहिलं तर मडकं, जवळून पाहिलं तर सुरवंट. सर मागे येऊन उभे राहायचे. एरवी ते शाळेत पुस्तकी बोलत, पण राग किंवा गंमत आली की अहिराणीवर यायचे. "काय रे, रेघले केसं फुटनात का?" मग माझं मनगट धरून म्हणायचे, मनगट नाही, कोपर फिरव, मडकं कुठे सर्वांत रुंद आहे आणि कुठे सर्वांत अरुंद, तेवढंच बघ, आणि मधलं एका दमात जाऊ दे.

आठवीत असताना स्नेहसंमेलनाच्या रंगमंचाला कमान करायची ठरली. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, तिथली सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साध्या सामानातून उभी केली होती, हे सरांचं आवडतं उदाहरण. त्यामुळे आमची कमानही घरच्याच सामानाची. व्हरांड्यात पुठ्ठे जोडून पसरले. खिळ्याला सुतळी बांधून अर्धगोल काढता आला असता, पण सरांना तसली कमान नको होती. त्यांना हवी होती खांद्याशी सावकाश वळणारी आणि माथ्याशी जरा चपटी. कपाटामागची कामटी बाहेर आली. बोरी नदीच्या पात्रातून आम्ही पाटीभर गोटे आणले. कामटी वाकवून पुठ्ठ्यावर आडव्या धारेवर ठेवायची, दोन्ही बाजूंनी गोटे लावून ती जागेवर धरायची आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवायची.

आम्हाला वाटलं, जितके गोटे जास्त तितकी कमान पक्की. अकरा ठिकाणी गोटे लावले. कमान दिसत होती खडबडीत रस्त्यासारखी. प्रत्येक गोट्यापाशी बारीकसं टेंगूळ. सरांनी एकही शब्द न बोलता एकेक गोटा उचलायला सुरुवात केली. गोटा उचलला की कामटी किंचित सरकायची, आपली आपण सैल व्हायची, आणि तिथलं टेंगूळ नाहीसं. पाच जागा उरल्या तेव्हा ते थांबले. "आता काढ. मधलं कामटी ठरवेल."

हे सगळं मी विसरलो. आयटीआयला ड्राफ्ट्समन झालो. ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर, फ्रेंच कर्व्ह या वस्तूंशी दोस्ती झाली. फ्रेंच कर्व्ह म्हणजे प्लास्टिकची वळणदार पट्टी; तिचा बरोबर लागणारा तुकडा शोधता शोधता मान दुखायची. मग साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये नोकरी आणि ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर. ऑटोकॅडमध्ये खरी स्प्लाइन, म्हणजे पॉइंटांवरून सलग वळत जाणारी रेघ, १९९४ च्या रिलीज १३ पासून आली. त्याआधी पॉलिलाइनला, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या रेघेला, गोलाई देऊन काम भागवत होतो. स्प्लाइन हातात आली तेव्हा वाटलं, सुटलो. पॉइंट देत जायचं, रेघ सगळ्यांतून जाते, वळण आयतं मिळतं!

तर १९९७ च्या सुमाराची गोष्ट. मिक्सरच्या वरच्या झाकणाचा साचा होता. गिऱ्हाइकानं लाकडी नमुना दिला. मी त्याच्यावर दर पाच मिलिमीटरला माप घेतलं, चाळीसेक पॉइंट जमवले आणि त्या सगळ्यांतून स्प्लाइन नेली. स्क्रीनवर रेघ लोण्यासारखी. साचा कापला गेला, पॉलिशला गेला. पॉलिशवाल्या मामांनी दोन दिवस घासून आरसा केला आणि मला हाक मारली. वर ट्यूबलाइट होती. साच्यात तिचं प्रतिबिंब सरळ दिसायला हवं होतं, ते दिसत होतं वाहत्या पाण्यात पडल्यासारखं. मामा म्हणाले, "घासून जाणारं नाही हे, साहेब. तुमच्या ड्रॉइंगमध्येच आहे."

होतंच ते ड्रॉइंगमध्ये. माझ्या प्रत्येक मापात केसाएवढी चूक होती, कुठे वर, कुठे खाली. ज्या पॉइंटमधून रेघ जायलाच हवी असा आपला हट्ट असतो, त्यांना फिट पॉइंट म्हणतात. चाळीस फिट पॉइंट दिले की रेघ बिचारी चाळीस चुकांचाही मान ठेवते. एक पॉइंट आत ढकलला की शेजारी फुगवटा येतो; तो दाबला की पुढे खळगा. मी रात्री दहापर्यंत ढकलाढकली केली. मग कधीतरी व्हरांडा आठवला.

दुसऱ्या दिवशी सगळे पॉइंट उडवले. नव्या रेघेला फक्त पाच कंट्रोल पॉइंट दिले. हा प्रकार वेगळा. मधले कंट्रोल पॉइंट सहसा रेघेवर नसतात, बाहेर लांब उभे राहून ते तिला आपल्याकडे ओढतात. रेघ फक्त दोन टोकांना शिवते, मधल्यांकडे नुसती झुकते. पॉइंट जरा हलवला तरी रेघ दचकत नाही, सावकाश वळते. पाच पॉइंट हलवत हलवत लाकडी नमुन्याशी जुळवलं. फरक राहिला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका. नवा साचा कापला. गिऱ्हाइकाच्या तो फरक लक्षातही आला नाही, आणि मामांनी ट्यूबलाइटखाली साचा फिरवून नुसती मान हलवली. पहिल्या साच्याचे पैसे माझ्या पगारातून गेले नाहीत, पण बोलणी पुरेशी खाल्ली.

पुढे वाचनात आलं की 'स्प्लाइन' हे मुळात अशाच लवचीक लाकडी पट्टीचं नाव. जहाजं बांधणारे ड्राफ्ट्समन ती शिशाच्या वजनांनी धरून जहाजाच्या अंगाची वळणं काढत. त्या वजनांना 'डक' म्हणत, म्हणजे बदकं. वाकवलेली पट्टी कमीत कमी ताण पडेल असाच आकार घेते, म्हणून तिचं वळण डोळ्याला गोड लागतं. शोएनबर्ग या गणितज्ञानं १९४६ साली हे नाव गणितात आणलं. सरांनी यातलं काही वाचलं होतं का, कोण जाणे. त्यांनी ती युक्ती एखाद्या बुरुडाकडून उचलली असावी असं मला वाटतं.

कार्यानुभवाच्या तासाला आपण पुठ्ठ्यावर सुई-दोऱ्यानं नक्षी करायचो, आठवते? काटकोनाच्या दोन बाजूंवर सारख्या अंतरानं भोकं पाडायची आणि एकीकडचं पहिलं भोक दुसरीकडच्या शेवटच्याशी जोडायचं. दोरे सगळे सरळ, तरी त्यांच्या कडेला एक वळण उमटतं. तेच बेझिए वक्राचं सर्वांत साधं रूप, शाळेच्या गणितातला पॅराबोला. रेनॉ कंपनीतले पिअर बेझिए यांनी मोटारींच्या पत्र्यांसाठी ही पद्धत वापरात आणली. त्यांच्या आधी, १९५९ मध्ये, सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेलजो यांनी तेच गणित मांडलं होतं. पण त्यांच्या कंपनीनं ते बरीच वर्षं बाहेर पडू दिलं नाही, म्हणून नाव लागलं बेझिएंचं. कास्तेलजोंची रीत सातवीच्या पोरालाही जमेल: बाजूंचे मध्यबिंदू जोडा, त्या रेघेचा पुन्हा मध्यबिंदू घ्या, तो वक्रावरच पडतो. मला हे आपल्या दोऱ्याच्या पुठ्ठ्यावरून चटकन कळलं, आणि इंजिनिअरिंग केलेल्या माझ्या साहेबांना समजावता आलं. ते सुख वेगळं.

जोडाचं दुखणं मात्र अजून आहे. सरळ रेघ आणि गोलाई नुसती भिडवून चालत नाही. सरळ रेघ गोलाईला स्पर्शिका झाली तरी चकचकीत पृष्ठभागावर जोड दिसतोच, कारण वळण शून्यावरून एकदम पुऱ्या जोरात येतं. अमळनेरहून भुसावळकडे गाडीत बसून पाहा. रूळ सरळीतून एकदम गोलाईत शिरत नाहीत, मध्ये हळूहळू वळण वाढवणारा एक तुकडा असतो. आपली रेल्वे त्यासाठी क्युबिक पॅराबोला नावाचा वक्र वापरते. तो तुकडा नसता तर हातातल्या चहाचा अर्धा कप शर्टावर आला असता.

आताच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तपासायला एक सोय आहे, 'कर्व्हेचर कोंब'. कोंब म्हणजे कंगवा. ती चालू केली की रेघेवर काट्यांची रांग उभी राहते. जिथे वळण जास्त तिथे काटा लांब, जिथे कमी तिथे आखूड. रेघ चांगली असेल तर काटे विंचरलेल्या भांगासारखे दिसतात, बिघडली असेल तर झोपेतून उठलेल्या डोक्यासारखे. पहिल्यांदा ते पाहिलं आणि ऑफिसात एकटाच हसलो. रेघेला खरंच केस फुटले होते.

शाळेत आता कॉम्प्युटरची खोली आहे असं ऐकतो. तिथल्या मुलांनी इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घालून घ्यावं, ते फुकट आहे. चार पॉइंटचा गोल काढून पाहा. प्रत्येक पॉइंटला दोन हँडल, म्हणजे रेघ वळवायच्या दांड्या, असतात. हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२ पट ठेवली की डोळ्याला अगदी गोल दिसतो. तसा तो खरा गोल नाही, त्रिज्येत ०.०३ टक्क्यांच्या आत फरक असतो. खरा गोल हवा तर पॉइंटना कमीजास्त वजन देणारी नर्ब्ज नावाची रेघ लागते. मग अक्षराचा एखादा तुकडा काढा, 'ळ' काढा. पॉइंट फक्त वळणाच्या टोकांवर ठेवा: सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे, सर्वांत उजवीकडे. बिघडलं तर नवा पॉइंट घालायच्या आधी एक काढून बघा.

गेल्या दिवाळीत सरांकडे गेलो होतो. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. हात थरथरतो, नजर शाबूत आहे. लॅपटॉपवर हातात धरायच्या एका हँडलचं डिझाइन दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाकून बराच वेळ रेघ पाहिली. "हाई ते कामटीच शे ना रे," म्हणाले. मग थांबून: "मंग गोटा कोठे शेतस?"

मी कंट्रोल पॉइंट चालू केले. रेघेच्या भोवती छोटे चौकोन उजळले. सरांनी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक मोजला.

"पाचच?" म्हणाले, आणि आत चहा सांगितला.