द्राक्षं कुठायत?

पहाटे चारला ठाण्यात पोचलो. कसारा घाट, मग भिवंडी बायपासला ट्रकांची रांग. पाठ गेली कामातून, पण मजा आली राव.

नाशिकला गंगापूर धरणाजवळच्या द्राक्षमळ्यात लग्न होतं. नवरी आमच्या नौपाड्यातलीच. मागे घड लोंबतायत असा फोटो तिला हवाच होता. फेब्रुवारीत जागा बघायला गेलो तेव्हा होतेच ना घड! तेव्हाच म्हटलं होतं, 'अगं, एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, वेलीच्या जुन्या काड्या छाटून टाकतात. मे महिन्यात नुसती पानं मिळतील.' ऐकतंय कोण! काल तिचे मामा प्लास्टिकचे घड घेऊन हजर, वेलीला सुतळीने बांधायला. मी हात जोडले.

मुहूर्त गोरज. ऊन वेलींच्या ओळींमधून तिरपं आलं आणि अंतरपाटावर, कुंकवाच्या स्वस्तिकाशेजारी, नवरीची सावली उमटली. मुंडावळ्यांसकट! नवरदेव तिच्याकडे बघतच उभा. तेवढ्यात 'सावधान', अंतरपाट खाली, माझ्या लेन्सवर मूठभर अक्षता. त्या फ्रेमच्या मधोमध तांदळाचा एक धूसर दाणा आलाय. तो काढणार नाहीये.

आत्ता कॅमेऱ्याची बॅग झटकली, तर हॉलभर तांदूळ. आणि आई विचारतेय, "नाशिकला जाऊन द्राक्षं नाही आणलीस?"