दुसरा शब्द

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

यादी झावळ्यांच्या रविवारी भक्तीनंतर हातात पडली. आज मंगळवार संपत आला तरी ती डोक्यातून जात नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांवर, म्हणजे सात वचनांवर, कोण कोण बोलणार, त्याची यादी. दुसरा शब्द म्हणजे शेजारी खिळलेल्या चोराला येशूने दिलेलं सुखलोकाचं वचन. त्यापुढे अकरा वर्षं माझं नाव असायचं. या वर्षी नाही. खाली शोधलं तर सरबताच्या ओळीत सापडलं.

सरबताचं वाईट वाटलं नाही. बारा ते तीन त्या उकाड्यात बसून उठल्यावर म्हाताऱ्या माणसांना पेलाभर सरबत लागतंच, ते कोणीतरी करायलाच हवं. पण मला आधी कोणी एका शब्दाने विचारलं नाही. पाळकसाहेबांनी एक फोन केला असता तर मी नाही म्हटलं असतं का?

आणि नाव कोणाचं, तर त्याचं. मागच्या पावसाळ्यात दर बुधवारी आम्ही बायका ज्याच्यासाठी गुडघे टेकत होतो, तोच. त्याची दारू सुटावी म्हणून मी रडून प्रार्थना केली होती. सुटली. मंडळीत येऊन त्याला अजून वर्षही झालं नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग देवाने ऐकलंच की तुझं." मी उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी घासलेलीच होती, ती परत घासली.

काल रात्री झोप येईना म्हणून बायबलमधला मत्तय 20 काढला. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. संडे स्कूलच्या पोरांना मी तो कितीदा शिकवलाय. धनी पहाटे बाहेर पडतो, मग तिसऱ्या ताशी, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या ताशी. तास उगवतीपासून मोजायचे, म्हणजे शेवटचे मजूर मळ्यात आले ते संध्याकाळच्या पाचला. दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. सहाला सुट्टी झाली आणि सगळ्यांच्या हातावर एकेकच दीनार.

शिकवत आले, पण हा दाखला मला मनापासून कधी पटला नव्हता. आज लिहूनच टाकते. आईने जन्मभर कापूस वेचला, आणि वेचणी किलोवर असते. दिवस मावळताना गाठोडं ताणकाट्याला अडकवलं की काटा थरथरत थांबेपर्यंत आई श्वास धरून उभी राहायची. बोंडांच्या टोकांनी तिच्या नखांच्या कडा फाटलेल्या असायच्या. पाच वाजता आलेलीलाही तेवढेच पैसे, असं तिथे कोणी म्हटलं असतं तर बायांनी गाठोडी तिथेच टाकली असती. त्यांचं काय चुकलं असतं?

पण काल एका जागी अडकले. धनी कारभाऱ्याला सांगतो की मजुरी द्यायला शेवटल्यापासून सुरुवात कर. आधी पहाटेच्या लोकांना दिली असती तर ते आपापला दीनार घेऊन खुशीत घरी गेले असते, त्यांना काही कळलंही नसतं. धन्याने त्यांना मुद्दाम उभं ठेवून पाहायला लावलं. का? हे मला तेव्हा फार निष्ठुर वाटलं. रविवारी यादी हातात घेऊन मीही तशीच उभी होते, सगळ्यांच्या देखत, चेहरा सांभाळत.

कुरकुर करणाऱ्याला धनी "मित्रा" म्हणतो. मूळ ग्रीकमधली ही हाक मत्तयात आणखी दोनदाच येते: एकदा लग्नाचा पोशाख न घालता आलेल्या माणसाला आणि एकदा गेथशेमाने बागेत येशूला धरून देणाऱ्या यहूदाला. ते वाचून पोटात गोळा आला.

बायबलला अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले. ते बाजूला ठेवून मागे गेलं की लगेच येशूचा शिष्य पेत्र भेटतो. आम्ही सगळं सोडून तुमच्या मागे आलो, तर आम्हाला काय मिळणार, असं तो विचारतो, आणि या दाखल्यात त्यालाच उत्तर आहे. माझी अकरा वर्षं म्हणजे तेच विचारणं.

तरी सल गेला नाही. बाकीचं जाऊ दे, आईचं तर या वेळी नकोच. पण तो फोन!

मग पाचला आलेल्यांचं उत्तर वाचलं. दिवसभर रिकामे का उभे राहिलात? "कोणी आम्हाला कामावर लावलं नाही म्हणून." मिशनरी नारायण शेषाद्रींनी निजामाच्या मुलखात, आपल्या जालन्याजवळ, बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तिथे आमचे पणजोबा आले ते वेशीबाहेरून. गावाच्या विहिरीवर त्यांना हात लावू देत नव्हते, पाणी कोणी वरून ओतलं तर प्यायचं. त्यांच्या आधी मंडळीत आलेल्यांनी त्यांच्याकडे कसं पाहिलं असेल? मी तीन पिढ्यांचं सांगते, पण पहिली पिढी तर अकराव्या ताशीच आली होती.

आज संध्याकाळी तो दारात आला. चपला लांब काढल्या, आत बसेना. "ताई, सुखलोक म्हणजे लोकांना काय सांगू? तुम्ही दर वर्षी सांगता तसं मला जमायचं नाही." बसवलं, चहा दिला. म्हटलं, हा शब्द जुन्या इराणी भाषेतून ग्रीकमध्ये गेला, त्याचा अर्थ भिंतीने राखलेली बाग.

"म्हणजे मोसंबीच्या बागेसारखं," म्हणाला आणि गप्प झाला. 2012 च्या दुष्काळात त्याची बाग वाळली, झाडं तोडून सरपणाला गेली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मग त्याने वचन वाचून दाखवलं, ओळीखाली बोट धरून. "मी तुला खचीत सांगतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." खचीतवर तीनदा अडखळला. मी इतकी वर्षं त्यातल्या "आज"वर बोलत आले. त्याचं बोट "माझ्याबरोबर"वर थांबलं होतं, आणि ते तिथून हलेना.

माझा टिपणांचा कागद बायबलमध्येच होता. द्यावासा वाटला नाही, दिला नाही. खचीत म्हटलं की जरा थांब, श्वास घे, मग पुढचं वाच, एवढं सांगितलं. उद्या परत ये म्हटलं, एकदा मोठ्याने वाचून घेऊ.

शंभर लिंबं लागतील. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत मंडईत जायला हवं.