आनसी ते नीस : आल्प्समधल्या आठवडाभराच्या एकेरी रोड ट्रिपची आखणी

गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची असेल तर आखणी दोन्ही टोकांपासून सुरू करावी लागते. खर्चाचा आणि कटकटीचा मोठा भाग तिथेच ठरतो. दोन्ही टोकं एकाच देशात असतील तर एकेरी भाडं परवडतं. म्युनिकला घेतलेली गाडी व्हेनिसला सोडायची म्हटली की वन-वे फी शेकडो युरोंत जाते, कारण परदेशी नंबरप्लेटची गाडी कंपनीला परत न्यावी लागते. म्हणून मी पूर्ण मार्ग फ्रान्समध्येच ठेवला: उत्तरेला आनसी, दक्षिणेला नीस, आणि मधे आल्प्समधले सगळ्यात उंच डांबरी घाट.

विमानाचं तिकीट मल्टी-सिटी काढलं: मुंबई ते जिनिव्हा आणि नीस ते मुंबई. दुबईमार्गे दोन्ही शहरं जोडलेली आहेत. दोन वेगळी एकेरी तिकिटं काढण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडतं. उतरायचं स्वित्झर्लंडमध्ये असलं तरी सगळ्या रात्री फ्रान्समध्ये, त्यामुळे व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडेच करायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो.

जिनिव्हा विमानतळाला फ्रेंच बाजू आहे आणि तिथे फ्रेंच प्लेटच्या गाड्या मिळतात, पण मला तो पर्याय पटला नाही. तिथून बाहेर पडलं की आपण जिनिव्हाच्या उत्तरेला निघतो आणि आल्प्स दक्षिणेला. मधला सरळ रस्ता स्विस मोटरवेचा, त्याला 40 फ्रँकचं वार्षिक स्टिकर लागतं. ते नको असेल तर मोठा वळसा. त्यापेक्षा जिनिव्हाहून लेमान एक्सप्रेस या लोकल गाडीने आनसीला जायचं आणि स्टेशनजवळ गाडी घ्यायची. फक्त एक सांभाळायचं: शहरातल्या शाखा दुपारी 12 ते 2 बंद असू शकतात आणि रविवारी बऱ्याचदा उघडतच नाहीत. त्यामुळे आठवड्याची सुरुवात सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी केलेली बरी.

कागदपत्रांत आंतरराष्ट्रीय परवाना आलाच. परिवहनच्या संकेतस्थळावरून आरटीओकडे अर्ज, फॉर्म 4अ, शासकीय फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. सोबत मूळ लायसन्स हवंच. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावावर लागतं; डेबिट कार्ड काउंटरवर चालेल असं धरून जाऊ नये. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार निघण्यापूर्वीच सुरू करून ठेवावेत. गाडी ऑटोमॅटिकच घ्यावी. स्टेअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडचा आणि समोर हेअरपिन, अशात गिअरसाठी उजवा हात वापरायची सवय करायला घाट ही जागा नव्हे. छोट्या शाखांत ऑटोमॅटिक मोजक्याच असतात, म्हणून हे बुकिंग तीन-चार महिने आधी केलेलं चांगलं.

आता खरा गाभा: घाट कधी उघडे असतात. कोल द लिझराँ, म्हणजे इझराँ घाट (2764 मीटर), साधारण जूनच्या मध्यापर्यंत बर्फाखाली असतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा बंद व्हायला लागतो. गालिबिए (2642 मीटर) आणि बोनेत (2715 मीटर) यांचंही थोड्याफार फरकाने तसंच. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी असते, म्हणून माझ्या मते जूनचा शेवटचा आठवडा किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. सप्टेंबरमध्ये मात्र व्हाल दिझेरसारख्या स्कीच्या गावांत दोन हंगामांच्या मधे हॉटेलं बंद असतात. तेव्हा मुक्काम बूर-सँ-मोरीस, ब्रियाँसाँ, बार्सेलोनेत अशा बारमाही नांदत्या गावांत ठेवावा.

तिसरा दिवस वगळता रोजचं अंतर 120 किलोमीटरच्या आतच ठेवलं. नकाशा दोन तास म्हणाला की फोटो, सायकलस्वार आणि कँपर व्हॅन धरून चार समजावेत. पहिल्या दिवशी आनसीहून आराव्ही घाटाने बोफोर. दुसऱ्या दिवशी रोझलाँचा तलाव आणि कॉर्मे द रोझलाँ (1968 मीटर) ओलांडून बूर-सँ-मोरीस. तिसरा दिवस सगळ्यात लांब: इझराँ चढून बोनव्हाल, मग मोरिएन खोऱ्याने सँ-मिशेल आणि तेलेग्राफ घाटाने व्हालवार. हे अंतर 140 किलोमीटरच्या घरात जातं, म्हणून सकाळी लवकर निघावं. चौथा दिवस मुद्दाम छोटा: गालिबिए आणि लोतारे हे घाट आणि ब्रियाँसाँची, फ्रेंच लष्करी अभियंता व्होबाँने बांधलेली तटबंदी, जी 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. किल्ले पाहायची आवड असलेल्या मराठी माणसाने इथे अर्धा दिवस राखून ठेवावाच. पाचव्या दिवशी इझोआर (2360 मीटर) आणि व्हार घाटाने बार्सेलोनेत, सहाव्या दिवशी बोनेत ओलांडून सँ-मार्तँ-व्हेज्युबी, सातव्या दिवशी त्युरिनी घाटाने नीस.

एकेरी प्रवासात बंद घाट म्हणजे भिंत. मागे फिरून दुसरीकडून जाण्याएवढे दिवस हाताशी नसतात, म्हणून प्रत्येक मोठ्या घाटाची पर्यायी वाट आधीच लिहून ठेवली. इझराँ बंद असेल तर बूरहून खाली आल्बेरव्हिल आणि तिथून मोरिएन खोऱ्याने वर सँ-मिशेल. अडीच तास धरावेत. गालिबिए बंद असेल तर मोरिएन खोऱ्यातल्या लाँलबूरहून माँ-सनी घाटाने (2083 मीटर) इटलीत सुसा, मग उल्क्स आणि माँजनेव्रवरून ब्रियाँसाँ. माँ-सनीही बंद असेल तर मोदानचा फ्रेज्युस बोगदा, ज्याचा एकेरी टोल पन्नास युरोंच्या वर आहे. म्हणूनच गाडी इटलीत न्यायची परवानगी करारात आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारावं. बोनेत बंद असेल तर दिन्यमार्गे नीस, चार तासांच्या आसपास.

घाटाची स्थिती रोज रात्री बघायची. प्रत्येक जिल्ह्याचं रस्त्यांच्या माहितीचं वेगळं संकेतस्थळ असतं आणि या मार्गावर असे पाच जिल्हे लागतात. शिवाय घाटाच्या पायथ्याशी फलक असतो: घाटाचं नाव, उंची आणि खाली 'ऊव्हेर' म्हणजे उघडा किंवा 'फेर्मे' म्हणजे बंद. बर्फ नसतानाही रस्ता बंद असू शकतो. जुलैत टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत ज्या दिवशी घाटातून जाते त्या दिवशी तो तासन्‌तास बंद असतो, आणि उन्हाळ्यात काही सकाळी घाट फक्त सायकलींसाठी राखून ठेवतात. दोन्हींच्या तारखा आधी जाहीर होतात. दुपारी वादळी पाऊस येण्याचा संभव असल्याने माथा अकराच्या आत गाठलेला बरा.

उतारावर ब्रेक तापतात, हा सगळ्यात नेहमीचा घोळ. बोनेतवरून पायथ्याच्या सँतेतिएन गावापर्यंत सुमारे 26 किलोमीटरांत दीड हजार मीटर उतरायचं असतं. सतत पाय ठेवला तर करपट वास येतो आणि पेडल खोल जायला लागतं. गाडी 'डी'मध्ये न सोडता मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर आणावी, ब्रेक वळणाआधी थोडा जोरात दाबून पूर्ण सोडावा. वास आलाच तर सपाट जागी थांबून वीस मिनिटं द्यावीत, चाकांवर पाणी ओतू नये. अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलं तर उतरणाऱ्याने आधी थांबायचं, आपल्या घाटातलाच नियम. सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं. तेवढी जागा नसेल तर मागेच राहायचं.

पंपावर 'गाझोल' म्हणजे डिझेल. नावामुळे पेट्रोल समजून भरलं तर इंजिन दुरुस्तीचा खर्च आपल्या माथी. पेट्रोलवर 'एसपी 95' किंवा 'एसपी 98' लिहिलेलं असतं. बूर, ब्रियाँसाँ आणि बार्सेलोनेत इथे टाकी भरून घेतली की मधे शोधाशोध नको. बिनमाणसांच्या पंपावर कार्डातून आधी मोठी रक्कम अडवली जाते आणि नंतर सुटते.

शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. डोंगरातल्या तार्तिफ्लेतमध्ये बटाटा-चीजबरोबर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. 'साँ लार्दाँ' असं आधी सांगितलं तर कधी वेगळं करून देतात. दुपारचं जेवण 12 ते 2 याच वेळेत मिळतं, त्यामुळे गाडीत ब्रेड, चीज आणि फळं असावीत.

गाडी घेताना चारही रिम, पुढची काच आणि बंपरची खालची कड यांचे फोटो तारखेसह काढावेत. साध्या विम्यात काच, टायर आणि गाडीचा तळ बहुधा धरलेले नसतात, आणि घाटात मार नेमका तिथेच बसतो. नीस विमानतळावर गाडी टर्मिनल 2 जवळच्या भाड्याच्या गाड्यांच्या केंद्रात सोडायची. विमान दुसऱ्या दिवशी असलं तरी गाडी आदल्या संध्याकाळीच सोडून 2 नंबरच्या ट्रामने शहरात जावं, पार्किंगचे पैसे वाचतात. कर्मचाऱ्यासमोर तपासणी करून गाडी परत केल्याचा कागद घ्यावा, मीटर आणि इंधनाचा काटा यांचा फोटो काढावा. डिपॉझिट सुटायला काही दिवस जातात, म्हणून नीसमधल्या खर्चासाठी दुसरं कार्ड मोकळं ठेवावं.