उत्तेजनार्थ

25 जानेवारी 2022, मंगळवार
सेलू

सकाळी चहाच्या वेळी अक्षय एक शब्द बोलून गेला आणि तो शब्द आत्ता, रात्रीचे दहा वाजले तरी, माझी पाठ सोडायला तयार नाही. मी त्याला मोबाईलवर एक छायाचित्र दाखवत होतो. कोमोरोसच्या फुटबॉल संघातल्या गोलरक्षकाची जर्सी आणि तिच्यावर चिकटपट्टीने केलेला 3 हा आकडा. पट्टीला वळण देता येत नाही, त्यामुळे त्या तिनाला गोलाई नव्हती. जुन्या कॅल्क्युलेटरवर उमटतो तसा तो कोनाकोनांचा दिसत होता. अक्षयने पाहिले, हसला आणि म्हणाला, "काका, हे पाहायला जागलाव का तुम्ही रातभर? बिचारे!" मग कानात ते यंत्र घालून तो पुण्याच्या साहेबांशी बोलायला माडीवर निघून गेला.

त्याचे हसणे मला लागले नाही. तो मलाही हसतो. लागला तो 'बिचारे' हा शब्द, आणि मला इतके वाईट का वाटावे हे समजेना म्हणून वही उघडली आहे.

हाच शब्द मी स्वतः 11 तारखेच्या पहाटे वापरला होता, हे आधी कबूल करायला हवे. गॅबनविरुद्धचा तो त्यांचा पहिला सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला. हिंदी महासागरातली तीन बेटे, मोरोनी नावाची राजधानी, आणि लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतल्या आपल्या परभणी जिल्ह्याच्या साधारण निम्मी. 2005 साली फिफाचे सदस्यत्व मिळालेला हा देश आफ्रिका करंडकाच्या मुख्य स्पर्धेत प्रथमच उतरत होता. स्पर्धा नावाने 2021 ची, पण महामारीमुळे ती या जानेवारीत होते आहे. सोळाव्या मिनिटाला बुपेंझाने गोल केला, पुढे काही झाले नाही, सामना 0-1 असा गेला, आणि मी गोधडी ओढता ओढता म्हणालो, "बिचारे, पहिल्यांदाच आलेत." गॅबनचा ऑबामेयांग करोनामुळे खेळतच नव्हता, तरी हे हरले, असेही मनात आले. म्हणजे अक्षयला बोलण्याचा मला तसा अधिकार नाही.

मोरोक्कोविरुद्ध 0-2 झाले. त्या सामन्यात यांचा गोलरक्षक बेन बोईना याने एन-नेसिरीची पेनल्टी अडवली, आणि मला वाटते तिथे माझ्या मनातला तो शब्द प्रथम डळमळला. कारण मग मी मागचे शोधून वाचले, आणि ध्यानात आले की हा संघ कुणाच्या दयेने इथे आलेला नाही. पात्रता फेरीत त्यांच्या गटात सात वेळचा विजेता इजिप्त होता. त्याला यांनी मोरोनीत 0-0 असे रोखले. केनिया आणि टोगो यांना मागे टाकून ते आले. बहुतेक खेळाडू फ्रान्समध्ये वाढलेले आहेत हे खरे, आणि त्यावरून नाके मुरडणारेही आहेतच; पण ज्याच्या गावातली निम्मी पोरे चाकण आणि हिंजवडीत आहेत त्याने तरी त्याबद्दल बोलू नये.

19 तारखेच्या पहाटेचे काय लिहू? घाना चार वेळचा विजेता आहे. चौथ्या मिनिटाला एल फार्दूने गोल केला, पंचविसाव्या मिनिटाला घानाच्या आंद्रे आयेवला लाल कार्ड दाखवले गेले, एकसष्टाव्या मिनिटाला मोग्नीने दुसरा गोल केला आणि मी उठून बसलो. मग घानाने दोन्ही गोल फेडले. दोन गोलांची आघाडी घालवून बसणे म्हणजे काय हे आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. सोयाबीन काढणीला आल्यावर पाऊस येतो, तसेच ते असते. मी मोबाईल पालथा घातला होता. पुन्हा उचलला तेव्हा पंच्याऐंशीवे मिनिट होते आणि मोग्नी कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावत होता. 3-2. माई आतून म्हणाली, "कोण मेलं रे?" मी ओरडलो होतो, हे मला तेव्हा कळले.

पुढचे दोन दिवस दुसऱ्यांच्या निकालांकडे डोळे लावून बसण्यात गेले. तीन गुण, तीन गोल केलेले, पाच खाल्लेले, एवढ्या भांडवलावर तिसऱ्या क्रमांकांच्या संघांतून चौघांत जागा मिळवायची होती. सिएरा लिओन हरले आणि यांना वाट मोकळी झाली. दुसऱ्याच्या हरण्याने आपले भले व्हावे ही गोष्ट चारचौघांत बोलण्यासारखी नाही, म्हणून मी शाळेत कुणाला बोललो नाही.

आणि मग काल रात्री यजमान कॅमेरूनशी बाद फेरीचा सामना. बेन बोईनाचा खांदा घानाच्याच सामन्यात दुखावलेला; अली अहमदा आणि मोयाद उसेनी हे उरलेले दोन्ही गोलरक्षक करोनाबाधित. अहमदाची चाचणी सामन्याच्या दिवशी निगेटिव्ह आल्याचे वाचले होते, पण विलगीकरणाच्या नियमाने त्याला उतरू दिले नाही. म्हणून अजाक्सियोकडून खेळणारा शाकेर अल्हदूर, जो डावीकडचा बचावपटू, तो हातमोजे घालून गोलात उभा राहिला. आकडा मात्र नोंदणी झालेलाच लावावा लागतो, म्हणून तो पट्टीचा 3. सातव्या मिनिटाला कर्णधार नजीम अब्दू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. याउप्पर अकराजणांचे काम दहाजणांनी करायचे, तेही गोलरक्षकाविना. मी मनात सहा-सात गोलांची तयारी केली होती.

दोनच झाले. एकोणतिसाव्या मिनिटाला टोको-एकाम्बी, सत्तराव्या मिनिटाला अबुबकार. मधल्या वेळात त्या बचावपटूने एकामागून एक फटके असे अडवले की कुणाला ठाऊक नसते तर शंकाही आली नसती. आणि एक्क्याऐंशीव्या मिनिटाला युसूफ म्शांगामाने फ्री किक घेतली, इतक्या लांबून की मला वाटले तो चेंडू फक्त पुढे टाकणार आहे. चेंडू सरळ जाळ्यात. 2-1. त्या गोलाकडे पाहून कुणाच्या तोंडून 'बिचारे' निघाले असते, तर मला तो माणूस पाहायचा आहे.

(सकाळी कळले की सामन्याआधी त्याच स्टेडियमच्या दाराशी चेंगराचेंगरी होऊन आठ माणसे गेली. त्याबद्दल आज काही लिहवत नाही.)

गांबियाही या वेळी पहिल्यांदाच आला आहे. त्याने कालच गिनीला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि त्याला कुणी बिचारा म्हटलेले मी ऐकले नाही. म्हणजे नवखेपणाशी या शब्दाचा संबंध नसावा. हरण्याशीही नसावा, कारण हरून घरी गेलेल्या घानाला लोक शिव्या देत आहेत, कीव करत नाहीत. ज्याच्याकडून आपण काहीच अपेक्षिले नव्हते त्याने थोडे काही केले, की आपण त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि विषय मिटवतो. आमच्याकडे त्याला एक छापील शब्द आहे, उत्तेजनार्थ. पहिला, दुसरा, तिसरा आणि मग उत्तेजनार्थ. मुलांच्या प्रमाणपत्रांवर दर वर्षी माझ्याच अक्षरात मी तो लिहितो.

इथवर लिहिल्यावर ते लिहिणे भागच आहे. नोव्हेंबर 1995, औरंगाबाद, विभागीय शालेय स्पर्धा. आमचा गोलरक्षक नाम्या, त्याला गालफुगी झाली आणि पाण्याची पिशवी सांभाळायला नेलेला मी गोलात उभा राहिलो. व्हॉलीबॉलच्या पोरांकडून मागून घेतलेली जर्सी, तिच्यावर सरांनी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून केलेला 1. एक हा आकडा सर्वांत सोपा, एका पट्टीत होतो. सात गोल झाले. दमून गुडघ्यावर बसलो होतो तेव्हा भोंग्यावरून आवाज आला, "सेलूच्या बिचाऱ्या मुलांसाठी जोरदार टाळ्या!" आणि खरोखरच जोरदार टाळ्या पडल्या. सात गोलांनी रडू आले नव्हते, ते टाळ्यांनी आले. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो आणि जालन्यापर्यंत कुणी माझ्याशी बोलले नाही. सव्वीस वर्षे मी ही गोष्ट अशीच सांगत आलो आहे, आणि सांगताना दर वेळी समोरच्याने "अरेरे" म्हणावे याची वाट पाहत आलो आहे. आज हे वाक्य लिहिताना मात्र मला हसू आले. कीव नको म्हणणारा माणूस इतकी वर्षे घरोघर कीव गोळा करत फिरला की!

हसू आले म्हणून उठलो आणि माईची ट्रंक उघडली. बापूंच्या कागदांखाली, ज्यांना आज हात लावायचा नव्हता, ते प्रमाणपत्र सापडले. कडा पिवळ्या पडल्या आहेत, घडीवर फाटले आहे. त्यावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, सहभागाबद्दल उत्तेजनार्थ म्हणून नाव लिहिलेले आहे ते नाम्याचे.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. प्रवेशअर्जावर त्याचे नाव गेलेले होते, आयत्या वेळी बदलता येईना, म्हणून सरांनी मला कानात सांगितले होते की कुणी विचारले तर तू नामदेव. मी नामदेव म्हणून उभा राहिलो, नामदेव म्हणून सात गोल खाल्ले. गोष्ट सांगताना एवढा भाग मी गाळत आलो, इतका की पुढे पुढे तो मलाच आठवेनासा झाला. शाकेर अल्हदूरने बाकी काही केले नसते तरी पाठीवर स्वतःचाच 3 घेऊन तो उभा होता. पट्टीचा का होईना, आकडा त्याचा होता, आणि त्या रात्रीचे दोन गोल आणि अडवलेले सगळे फटके त्याच्याच नावावर मांडले जातील. माझे सात मात्र शासनदरबारी आज खत-बियाण्यांचे दुकान चालवणाऱ्या नाम्याच्या खात्यावर आहेत. म्हणजे भोंग्यावरच्या त्या 'बिचाऱ्या'तही, रीतसर पाहिले तर, मी नव्हतोच.

मघाशी प्रमाणपत्राचा फोटो काढून नाम्याला पाठवला. तो जागाच होता. त्याचे उत्तर आले: "च्यायला, सात गोल माझ्या नावावर? मी तर तेव्हा घरी तोंड सुजवून पडलो होतो. पाठवून दे, दुकानात फ्रेम करून लावतो. गिऱ्हाईकांना सांगीन, उधारी मागू नका, आधीच लई सोसलंय."

उद्या झेंडावंदन आटोपले की येताना त्याच्या दुकानावरून यायचे आहे. प्रमाणपत्र खाकी पाकिटात घालून पिशवीत ठेवले आहे. घडीवर जिथे फाटले होते तिथे मागच्या बाजूने चिकटपट्टी लावली. ती थोडी तिरपी बसली.